लाल गोळी घेण्याआधी

1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब घरांतल्या गरोदर बायकांना तेव्हा एक जीवघेणा रक्तक्षय होत होता आणि त्याचं कारण शोधायचं काम तिच्याकडे होतं. परळच्या हाफकिन संस्थेत तिने या बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, त्या काय खातात याच्या नोंदी केल्या, तसाच निकस आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला. या बायकांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी होत्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात, म्हणजे इथे चित्र बरोबर उलटं होतं. शेवटी गुण आला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने. 1931 मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी ठेवते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, त्यामागे परळचं हे काम आहे.

विल्सने त्या बायकांना नुसतं लोह दिलं असतं तर त्या वाचल्या नसत्या. रक्त कमी होण्याला अनेक कारणं असतात आणि लोहाची गोळी त्यातल्या एकाच कारणावर चालते. हे कारण आपल्याकडे सर्वांत जास्त आढळतं, यात शंका नाही. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांचं आणि पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. पुरुषांतही चारात एकाचं कमी होतं. पण आकडा मोठा आहे म्हणून प्रत्येकाचं कारण तेच, असं धरून चालता येत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, दुपारी गळून गेल्यासारखं होतं. शेजारीण डोळ्याची खालची पापणी ओढून बघते आणि सांगते, 'अगं, अंगात रक्तच नाही तुझ्या.' मग मेडिकलमधून एक टॉनिक येतं, नाहीतर कुणाच्या बाळंतपणातल्या उरलेल्या गोळ्या सुरू होतात. महिनाभराने बरं वाटलं तर गोळी लागू पडली असं ठरतं, नाही वाटलं तर गोळी बदलते. या सगळ्यात एक साधी तपासणी राहून जाते.

ती तपासणी म्हणजे सीबीसी. गल्लीतल्या लॅबमध्येही ती होते आणि सरकारी दवाखान्यातही. तिच्या कागदावर आपण सगळे फक्त हिमोग्लोबिन बघतो. डेसिलिटरमागे पुरुषांत 13 ग्रॅम, स्त्रियांत 12 आणि गरोदरपणात 11 याच्या खाली आकडा गेला तर रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा आहे. पण त्याच कागदावर खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो पेशींचा आकार सांगतो. साधारण 80 ते 100 हे त्याचं नेहमीचं माप. 80 च्या खाली म्हणजे पेशी लहान, तेव्हा संशय लोहाकडे जातो. 100 च्या वर म्हणजे पेशी मोठ्या, तेव्हा बी-12 किंवा फॉलिक ॲसिडकडे. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता खूप दिसते. अशा माणसाने फक्त लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तर फॉलिक ॲसिडमुळे हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-12 अभावी नसांना होणारी इजा आत चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, पण 'रक्त तर वाढलंय' म्हणून कुणी तिकडे लक्ष देत नाही.

लोह खरंच कमी आहे का, हे फेरिटिन या तपासणीवरून कळतं. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या डब्यातलं पीठ आणि फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. कणगी रिकामी होऊ लागली तरी डबा काही दिवस भरलेला राहतो, म्हणून हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. फेरिटिन 15 च्या खाली असेल तर साठा संपला आहे यात वाद नाही. 30 च्या खालीही बहुतेक डॉक्टर लोह कमीच धरतात. मात्र ताप, जंतुसंसर्ग किंवा सांध्यांची सूज चालू असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. त्यामुळे आजारपणातला रिपोर्ट घरी बसून वाचू नये.

पेशी लहान आहेत म्हणजे लोहच कमी, असंही नाही. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाच्या पेशी जन्मापासून लहान असतात. सिंधी, कच्छी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत हा दोष जास्त आढळतो, पण तो कुठल्याही घरात असू शकतो. अशा व्यक्तीचं हिमोग्लोबिन 10-11 वर रेंगाळतं, पेशींची संख्या मात्र चांगली असते. लोहाचा साठाही बहुधा पुरेसा असतो. तरी शाळेत असल्यापासून दर दोन वर्षांनी कुणीतरी तिला लोहाचा कोर्स देत राहतं आणि आकडा हलत नाही. गोळ्या वाया जातात, हे नुकसान त्यातल्या त्यात लहान. नवरा आणि बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी आयुष्यात एकदा, लग्नाआधी झाली असती तर ते आधी कळलं असतं. नंदुरबार, तसंच गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबाबतही हाच सल्ला आहे. या आजारात तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात, त्यांच्यातलं लोह शरीरातच उरतं आणि वारंवार रक्त चढवावं लागलं तर ते साठत जातं. तिथे लोह द्यायचं की नाही, हे रक्त तपासल्यावरच ठरायला हवं.

आता समजा लोह कमी आहे हे सिद्ध झालं. तरी एक प्रश्न उरतो: ते गेलं कुठे? वयात आलेल्या मुलीचं आणि पाळी चालू असलेल्या बाईचं उत्तर बहुतेक वेळा पाळीत सापडतं. पण 'आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं' असं म्हणून ते सोडून देण्यात अर्थ नाही. तासादोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, आठवड्याच्या वर अंगावरून जात असेल तर ते दाखवायला हवं, कारण मागे गर्भाशयातली गाठ असेल आणि तिच्यावर उपचार झाले नाहीत तर गोळीने भरलेलं रक्त पुढच्या पाळीत निघून जाणार. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांच्या आतड्यात अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म असू शकतात आणि ते रोज थोडं थोडं रक्त पितात. तिथे जंताच्या गोळीशिवाय लोहाचा उपयोग अर्धवट राहतो. पण पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर माझं मत ठाम आहे: पोटातून कुठे रक्त जातंय का हे शोधल्याशिवाय लोह सुरू करून मोकळं होऊ नये. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी झालेला जठराचा व्रण, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा कर्करोग, यांचं पहिलं लक्षण कधी कधी नुसता थकवा आणि 9 वर आलेलं हिमोग्लोबिन एवढंच असतं. गोळीने आकडा 11 झाला की शोध थांबतो आणि आजार वाढत राहतो.

एक खुलासा इथेच करतो, कारण वरचं सगळं वाचून कुणी भलताच निष्कर्ष काढू नये. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर प्रत्येकी 180 दिवस मिळणारी लाल गोळी, शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी किंवा गुलाबी गोळी, बाळांचं सिरप, या सगळ्यांचे डोस सुरक्षित ठरवलेले आहेत. 2018 पासून 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात त्या दिल्या जातात. फेरिटिन तपासलं नाही म्हणून त्या थांबवू नका. माझा आक्षेप आहे तो स्वतःच्या मनाने, जास्त मात्रेत, महिनोन्महिने घेतलेल्या लोहाला.

त्याचं कारण आपल्या शरीराच्या रचनेतच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतं. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि ती मोडली की तिच्यातलं लोह पुन्हा वापरलं जातं. बाहेर जातं ते दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम, कातडीच्या आणि आतड्याच्या झडलेल्या पेशींमधून. पाळीच्या दिवसांत थोडं अधिक. जास्तीचं लोह लघवीवाटे टाकून देण्याची सोय शरीराकडे नाही, त्यामुळे सगळं नियंत्रण आत घेतानाच ठेवावं लागतं. हे काम यकृतात तयार होणारं हेप्सिडिन करतं. साठा पुरेसा असला की ते वाढतं आणि आतड्यातून लोह रक्तात येणं रोखतं. अंगात संसर्ग असतानाही ते वाढतं, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. टांझानियातल्या पेम्बा बेटावर, जिथे हिवताप सतत असतो, तिथे लहान मुलांना सरसकट लोह दिल्यावर गंभीर आजारपणं आणि मृत्यू वाढल्याचं 2006 मध्ये दिसून आलं. म्हणून अंगात ताप असताना लोह आपल्या मनाने चालू ठेवू नये, आधी तापाचं कारण बघावं.

हेप्सिडिनमुळे डोसचा हिशेबही बदलला आहे. 60 मिलिग्रॅम लोह पोटात गेलं की पुढचे सुमारे चोवीस तास हेप्सिडिन चढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींवर केलेल्या अभ्यासात, 2017 मध्ये, एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त शोषलं गेल्याचं दाखवलं. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर दिवसाआड गोळी देतात. त्यामुळे पोटाचा त्रासही कमी होतो. दिवसातून दोनतीनदा घेतल्याने रक्त भराभर वाढतं ही समजूत तर सोडूनच द्यावी. गरोदर बायकांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोजच घ्यावी, तिथे गरजच मोठी असते.

गोळीच्या पाकिटावरचा मोठा आकडा पाहून फसू नका. 200 मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये प्रत्यक्ष लोह साधारण 65 मिलिग्रॅम असतं, 300 मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये फक्त 35 च्या आसपास. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं मूळ लोहाचं प्रमाण वाचा. महागड्या टॉनिकांपैकी काहींत ते इतकं थोडं असतं की उपचार म्हणून त्याचा काही उपयोग नाही. शिवाय घरात लोहभस्म, मंडूर किंवा एखादं आयुर्वेदिक लोहकल्प चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दोन्हीकडचं लोह एकाच शरीरात जमा होतं.

घ्यायची कशी? रिकाम्या पोटी घेतली तर सर्वांत चांगली शोषली जाते, पाण्याबरोबर किंवा लिंबू सरबताबरोबर. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, गोळीच सोडून देण्यापेक्षा ते बरं. सगळ्यात मोठी अडचण आपल्या सकाळच्या चहा-चपातीची आहे. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतं. तेव्हा गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. दुधाचंही तेच. गरोदर बाईला कॅल्शियमची गोळीही मिळते. दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकण्याची सवय घराघरांत आहे, ती मोडायला हवी. एक सकाळी, दुसरी दुपारी किंवा रात्री. रोज उठल्यावर ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांमध्ये लोह नीट शोषलं जात नाही, कारण त्याला जठरातलं आम्ल लागतं. थायरॉईडची गोळी आणि लोह यांत किमान चार तासांचं अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं चालू असतील तर तेही विचारून घ्या, लोहामुळे त्या औषधांचाच परिणाम उतरतो.

शौचाला काळपट होईल. ते न शोषलेलं लोह आहे, त्याने घाबरायचं कारण नाही. पण शौचाला डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि घाण वासाचं काळं होत असेल तर ते पोटातलं रक्त असू शकतं, तेव्हा थांबू नका. बद्धकोष्ठ झाला तर पाणी, भाज्या आणि दिवसाआड गोळी याने बहुतेकांचं भागतं. नाहीतर वेगळ्या क्षाराची गोळी बदलून मिळते. पातळ औषधाने दात काळे पडतात, मुलांना ते स्ट्रॉने द्यावं किंवा जिभेच्या मागच्या बाजूला सोडावं.

बिटाबद्दल बोलल्याशिवाय मराठी घरातली ही चर्चा पुरी होत नाही. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, असं नाही. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही आणि भारतीय स्त्रीची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅमची आहे. अळीव, डाळी, पालेभाज्यांवर पिळलेलं लिंबू, खाणाऱ्यांसाठी मटण आणि कलेजी, लोखंडी कढईतली आमटी, हे सगळं चांगलं आहे आणि साठा टिकवायला उपयोगी आहे. पण हिमोग्लोबिन 8 वर आलं असेल तर ते फक्त खाण्याने भरून काढण्याचा हट्ट धरू नये.

गोळी लागू पडत असेल तर तीनचार आठवड्यांत हिमोग्लोबिन एकदोन ग्रॅमने वाढतं. म्हणून महिन्याने पुन्हा सीबीसी करायची. आकडा जागचा हलला नसेल तर कारण शोधायचं: गोळी नियमित घेतली का, चहाबरोबर जाते का, कुठून रक्त जातंय का, की मुळात निदानच चुकलंय. आकडा 12 झाला म्हणून लगेच थांबायचं नाही, साठा भरायला पुढे सुमारे तीन महिने लागतात. आणि तो भरला की थांबायचं. वर्षानुवर्षं चालू ठेवण्याचं हे औषध नाही. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येऊन पडायला होत असेल, तर गोळीची वाट पाहत घरी राहू नये. ते रुग्णालयाचं काम आहे.

आता या प्रकरणातली मला सर्वांत कळकळीने सांगायची गोष्ट. या गोळ्या लाल, गुळगुळीत आणि गोड आवरणाच्या असतात, लहान मुलाला त्या हुबेहूब चॉकलेटच्या गोळ्या वाटतात. आणि त्या ज्या घरात असतात, त्या घरात बहुधा एक रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल असतं, कारण आई पुन्हा गरोदर असते किंवा नुकती बाळंतीण झालेली असते. शरीराच्या वजनाच्या किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर लोह पोटात गेलं तर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, 60 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर जीव जाऊ शकतो. दहा किलोच्या मुलाचा हिशेब करा: दहा गोळ्या, म्हणजे एक पाकीट. अमेरिकेत पाच-सहा वर्षांखालच्या मुलांच्या विषबाधेतल्या मृत्यूंचं हे एक प्रमुख कारण ठरलं होतं आणि 1997 मध्ये तिथल्या सरकारने लोहाच्या गोळ्यांवर तसा इशारा छापणं बंधनकारक केलं.

या विषबाधेत फसवणूक अशी असते की पहिल्या काही तासांत उलट्या आणि जुलाब होतात, कधी रक्ताचे, आणि मग मूल बरं झाल्यासारखं दिसतं. घरच्यांना वाटतं, पडल्या गोळ्या बाहेर. त्याच शांत तासांत लोह यकृत आणि रक्ताभिसरण बिघडवत असतं, आणि दुसऱ्या दिवशी मूल एकदम कोसळतं. लोह बांधून बाहेर काढणारं औषध आहे, पण ते वेळेत मिळालं तरच. म्हणून मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायला तोंडात बोटं घालू नका, मीठ-पाणी पाजू नका, लक्षणांची वाट पाहू नका. उरलेलं पाकीट बरोबर घ्या, 108 ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा. आणि तुमच्या घरात या गोळ्या आत्ता उशाशी, फ्रिजवर किंवा देवळीत पडल्या असतील, तर हे पान संपताच उठा आणि त्या कुलपाच्या कपाटात ठेवा.